कुंभारीचा माळ आणि सावलीचा हिशेब

हरित वसाहतीची चर्चा आपल्याकडे बहुधा बिल्डरच्या होर्डिंगवरून सुरू होते. सोलापुरातही होटगी रस्ता, विजापूर रस्ता, अक्कलकोट रस्ता इथे 'निसर्गाच्या सान्निध्यात' प्लॉट विकणारे फलक काही कमी नाहीत. एन.ए. लेआउट, प्रवेशाला कमान, कमानीमागे पामच्या दोन ओळी, आणि दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत त्यातली निम्मी झाडे वाळलेली. लेआउटमध्ये सोडलेल्या 'ओपन स्पेस'वर काही वर्षांनी एखादे मंदिर, एखादे समाजमंदिर आणि उरलेल्या जागेत बांधकामाचा राडारोडा. यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. निसर्गाशी जुळवून घेणारी, लोकांनी चालवलेली वसाहत सोलापूरसारख्या शहरात कशी असेल, हा प्रश्न विचारायचा तर शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या कुंभारीपासून सुरुवात करावी लागते. तिला हरित वसाहत म्हणून कोणी ओळखत नाही, पण या प्रश्नाचा अवघड अर्धा भाग तिने सोडवलेला आहे.

तो भाग म्हणजे माणसे. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्थेची दहा हजार घरे उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते त्यांचा ताबा दिला गेला. घराच्या किमतीतला साधारण तिसरा हिस्सा कामगार बाईचा, बाकीचा केंद्राचा आणि राज्याचा. त्यानंतर त्याच परिसरात रे नगर आले. तीस हजार घरांच्या या प्रकल्पाचे भूमिपूजन जानेवारी २०१९ मध्ये झाले, खर्च १,८११ कोटी रुपये धरलेला, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या वाटल्या गेल्या. लाभार्थी कोण? विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणारे, कचरा वेचणाऱ्या, फेरीवाले, रिक्षावाले. यामागे माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरकरांचे आडम मास्तर, आणि त्यांच्या सिटू या संघटनेची कित्येक वर्षांची मोर्चेबांधणी होती. एका कम्युनिस्ट पुढाऱ्याच्या प्रकल्पाला दोन वेगवेगळ्या पक्षांचे पंतप्रधान येऊन गेले, ही गोष्ट राजकारणाच्या अभ्यासकांनी केव्हातरी निवांत लिहायला हवी.

'लोकांनी चालवलेली' या विशेषणाखाली महाराष्ट्रात फार वेगवेगळ्या गोष्टी खपतात, म्हणून थोडी तुलना. पुण्याजवळच्या मगरपट्ट्यात १२३ शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक होऊन स्वतःच शहर वसवले. जमीन विकून मोटार घेण्यापेक्षा हे शतपट शहाणपणाचे होते. पण तो समुदाय जमीनमालकांचा; तिथे राहायला आलेले लोक ग्राहक होते. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये फ्रेंच सैन्याच्या रिकाम्या बराकींच्या जागी व्होबान ही वसाहत झाली. तिथे भावी रहिवाशांनी आधी मंच काढला, नगरपालिकेशी वाद घातले, मोटारी वसाहतीच्या कडेला ठेवायला लावल्या आणि कुटुंबांच्या गटांनी मिळून भूखंड घेऊन घरे बांधली. हे सगळे कौतुकाचे, पण ती वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास आणि बरीचशी शिकल्या-सवरल्या मध्यमवर्गाची. कुंभारीला जवळचे उदाहरण शोधायचे तर ते दक्षिण अमेरिकेत, उरुग्वेमध्ये सापडते. तिथे १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने कामगारांच्या सहकारी संस्थांना मान्यता मिळाली. सभासद बांधकामावर ठरावीक तास स्वतः राबतात, आणि घराची मालकी संस्थेची, सभासदाला राहण्याचा हक्क. आपल्याकडे मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली उभी राहिली, म्हणजे परंपरा शंभर वर्षांहून जुनी. पण आपली सहकारी गृहनिर्माण संस्था सहसा इमारत झाल्यावर जन्माला येते, पार्किंग आणि गळतीवर भांडण्यासाठी. कुंभारीत संस्था आधी आणि घरे नंतर, हा क्रम जुळला, आणि तो महत्त्वाचा आहे.

मग अडले कुठे? नकाशावर. रे नगर आखले तेव्हा प्रधानमंत्री आवास योजनेतले घर तीस चौरस मीटर चटईक्षेत्राच्या मर्यादेत बसवावे लागत होते. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख हे अनुदान घरामागे मिळते. अंगणाला अनुदान नाही, झाडाला नाही, तळ्याला तर नाहीच. सरकारी तक्त्यात ज्या गोष्टीचा रकाना नाही ती गोष्ट शेवटी बांधली जात नाही, हा सरकारी बांधकामाचा जुना नियम. त्यामुळे गोदूताई वसाहतीतली जमिनीवरची बैठी घरे जाऊन रे नगरमध्ये तळमजला अधिक दोन मजल्यांच्या, छत्तीस-छत्तीस घरांच्या इमारती आल्या. जमीन साडेतीनशे एकरांच्या आसपास आणि घरे तीस हजार म्हटल्यावर दुसरे काय करणार, हेही खरेच.

पण या बदलात काय हरवते ते समजून घ्यायला विडी वळणारी बाई कशी बसते ते पाहावे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पाने. पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे, आणि हे हजार विड्यांपर्यंत. या कामाला उजेड लागतो पण ऊन चालत नाही, कारण पान वाळले की तडकते. हवा लागते, पण तंबाखू उडवणारा वारा नको. ती घरात बसली तर तंबाखूची धूळ स्वयंपाकात आणि लेकरांच्या छातीत जाते. म्हणून ती उंबऱ्याशी, ओट्यावर, नाहीतर दारच्या लिंबाखाली बसते. बोलत बसते, शेजारणीच्या पोराकडे लक्ष ठेवते, आणि हात चालूच असतात. सोलापुरी कामगार वस्तीत दारापुढचे झाड ही शोभेची वस्तू नसून कारखान्याचे छप्पर आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या तीनशे चौरस फुटांच्या घरात हा कारखाना कुठे मांडायचा? जिन्याच्या वळणावर मांडला जातो, असे उत्तर मिळते.

याचे उत्तर परदेशात शोधायला नको. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला जी वसाहत आखली तिथे सात घरांचे एक अंगण, आणि अशी तीन अंगणे मिळून एकवीस घरांचा एक मोठा चौक, अशी रचना केली. घरे बैठी, वाढवता येणारी, तरीही जमीन उधळलेली नाही. बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरला 'अरण्य' या वसाहतीत साडेसहा हजार भूखंड आखले आणि काहींना फक्त जोते, संडास-मोरी आणि एक खोली देऊन बाकीचे घर माणसाच्या ऐपतीवर सोडले. तीन मजली इमारत टाळता येत नसेल तर निदान प्रत्येक मजल्यावर उत्तरेकडे सात-आठ फुटांची उघडी पडवी हवी, आणि दोन इमारतींमधले अंतर झाडाच्या फांद्यांच्या हिशेबाने ठरायला हवे. सध्या ते अग्निशमनाच्या गाडीच्या हिशेबाने ठरते. गाडीही जायला हवी, पण ती रोज येत नाही. दुपार रोज येते.

सोलापूरची दुपार हा वेगळाच विषय. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश ही इथे बातमी होत नाही. या भागाचे जुने उत्तर होते माळवदाचे घर. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, मध्ये सोपा आणि वरून उजेड देणारे झरोके. आत शिरले की डोळ्यांना अंधारी आणि अंगाला गारवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच घरे माणसांवर कोसळली. सोलापूरपासून ते गाव फार लांब नाही, आणि त्या पहाटेनंतर या सगळ्या टापूत माळवदाला कायमची भीती चिकटली. त्या भीतीला कोणी नावे ठेवू नयेत. मात्र त्यानंतरच्या पुनर्वसनातून दुसरा धडाही मिळाला होता. रुंद सरळ रस्ते, चौकोनी भूखंड, सिमेंटची सुटी घरे, आणि ना पार ना झाड. लोकांनी हळूहळू पुढे पत्रे टाकले, वाडा घातला, गोठा जोडला. गावाने गाव स्वतःच पुन्हा बनवले. भूकंपाला टिकणारे आणि उन्हालाही टिकणारे घर एकाच वेळी बांधता येते. पट्टे घातलेल्या भिंती, पोकळ विटा, छतावर चुन्याचा पांढरा लेप. वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिसरात एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प आहे, त्याच्या राखेच्या विटा मिळतात. छताला पांढरा रंग द्यायला तर मोर्चाही काढावा लागत नाही.

आता पाणी. पर्यावरणाच्या परिसंवादात इथे 'रेन वॉटर हार्वेस्टिंग' म्हणून टाळ्या घेतल्या जातात, म्हणून जरा पाटी-पेन्सिल घेऊ. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास. तीनशे चौरस फुटांच्या छतावर त्यातले हाती लागेल असे पाणी सुमारे बारा हजार लिटर. चार-पाच माणसांच्या घराला दिवसाला तीनशे लिटर धरले, आणि हे कमीच आहे, तर बैठ्या घराला ते जेमतेम सव्वा महिना पुरेल. तीन मजली इमारतीत तेच छत तीन घरांत वाटले जाते, म्हणजे दोन आठवडेही निघणार नाहीत. छत सोडा, साडेतीनशे एकरांवर पडणारा पावसाचा थेंब न् थेंब अडवला तरी तो भरतो ७८ कोटी लिटर. सव्वा लाखाहून अधिक लोकवस्तीची वर्षाची गरज याच मापाने ३२८ कोटी लिटरांवर जाते. तेव्हा 'स्वयंपूर्ण वसाहत' हा शब्द सोलापुरात तरी जपून वापरावा. इथले पाणी भीमेचे, उजनीचे, शंभर किलोमीटरहून लांबून नळाने येणारे, आणि खुद्द शहरात ते चार-पाच दिवसांआड मिळत आले आहे. प्रत्येक घरापुढे बॅरल, प्रत्येक गच्चीवर काळी टाकी. साठवणीची जागा धरूनच इथे मोरी आखावी लागते. तीन बाय चारच्या मोरीत बॅरल ठेवले की माणूस बाहेर.

मग निसर्गासाठी पाणी आणायचे कुठून? मोरीतूनच. घरात आलेल्या तीनशे लिटरांपैकी दोनशे लिटर तरी अंघोळ, भांडी आणि धुण्याचे असते आणि ते बारा महिने, रोज, बिनचूक येते. छत्तीस घरांच्या एका इमारतीचे ते सात हजार लिटरांवर जाते. कर्दळीच्या वाफ्यातून गाळून घेतले तर त्यावर हजारभर रोपे पहिली तीन वर्षे जगतील, जी वर्षे सोलापुरात झाडाच्या जगण्या-मरण्याची असतात. फक्त त्यासाठी संडासाचा आणि मोरीचा पाइप वेगळा टाकावा लागतो. बांधताना हा खर्च किरकोळ आहे. सगळे एकत्र करून गटारीला जोडल्यावर पुन्हा वेगळे करणे म्हणजे भिंती फोडणे. माझ्या मते सोलापूरसारख्या गावात वसाहत हरित होणार की नाही हे वृक्षारोपणाच्या दिवशी ठरत नाही, प्लंबरच्या नकाशावर ठरते. काळ्या जमिनीत साबणाचे क्षार साठतात, म्हणून पावसाळ्यात वाफे धुऊन निघतील असा उतारही द्यावा लागेल. हेही लिहून ठेवतो, नाहीतर चार वर्षांनी चोपण जमीन दाखवून कोणीतरी योजनेलाच दोष द्यायचा.

पावसाचे पाणी मग वायाच घालवायचे का? तसे नाही. ते छताऐवजी जमिनीवर पकडायचे, आणि हे सोलापूरला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात भक्तांच्या श्रमातून तलाव खोदवला अशी इथली श्रद्धा आहे, आणि त्याच तळ्याच्या मधोमध आजही मंदिर आहे. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा संक्रांतीला नंदीध्वजांसह होते तेव्हा जुन्या शहराची हद्द पायांनी मोजली जाते. शहराच्या उत्तरेला एकोणिसाव्या शतकात बांधलेला एकरुखचा, म्हणजे हिप्परग्याचा तलाव, विजापूर रस्त्यावर कंबर तलाव. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. आधी पाण्याची वाट पाहिली, मग वस्ती बसवली. आजचा लेआउट उलटा चालतो. आधी भूखंडांचे चौकोन, आणि मधे ओढा आला तर त्याला सिमेंटच्या नाल्यात कोंबायचे. नव्या वसाहतीत सगळ्यात सखल पाच-दहा एकर सोडून दिले, ओढ्याला त्याच्या वाटेने जाऊ दिले, तर तळे आपोआप घडते. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीनुसार मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. ती सगळी त्या सखल भागात, एकसलग घ्यावी, इतकीच मागणी. दहा ठिकाणी दहा तुकडे सोडले की समाजमंदिराची पायाभरणी ठरलेली.

इथपर्यंत बहुतेक जाणकार सहमत होतील. वाद पुढे आहे. 'निसर्गाशी एकरूप' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे कोणता निसर्ग असतो? बहुधा कोकणातला, नाहीतर कॅलेंडरवरचा. सोलापूरचा निसर्ग माळ आहे. मुरमाड, उथळ मातीचा, कुसळी आणि पवन्या गवताचा, मधे एखादा हिवर, बोर, तरवड. शहराच्या उत्तरेला नन्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले ते सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरवर. गावे, शेते, रस्ते सगळे आत, त्यामुळे जमिनीच्या व्यवहारांवर वर्षानुवर्षे कटकटी, आणि शेवटी हद्द कमी होऊन १,२२२ चौरस किलोमीटर उरली. माळढोक तर आता दिसला तरी वर्तमानपत्रात येतो. या माळावर एके काळी वन विभागानेच परदेशी झाडे लावली होती, कारण सरकारी कागदावर झाड नसलेली जमीन म्हणजे पडीक जमीन. माळढोकाला, काळविटाला, चंडोलाला लांबवर नजर जाणारे उघडे गवत लागते, हे त्या कागदाला माहीत नव्हते.

तीच चूक वसाहतींत रोज होते. एका चौरस मीटरमध्ये तीन-तीन रोपे कोंबणारी मियावाकी पद्धत, भराभर हिरवे दिसणारे कोनोकार्पस (गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आपल्याकडे नर्सऱ्यांत ते मिळतेच), गिरिपुष्प, सुबाभूळ. माळावर जंगल उगवायला लावणे हा पाण्याचा आणि पैशाचा चुराडा आहे. माझे मत सरळ आहे. झाडे घराजवळ, जिथे माणूस बसतो तिथे: लिंब, करंज, शिरीष, चौकात एखादा वड किंवा पिंपळ, रस्त्याला चिंच. आणि वसाहतीच्या कडेचा उंच, मुरमाड पट्टा गवताला. त्याला पाणी नको, खत नको. हवा फक्त जेसीबीपासून बचाव. टिटव्या, तित्तर, धाविक, एखादे खोकड तिथे राहील, आणि पोरांना पतंग उडवायला जागा मिळेल. ज्या सोलापूरकराला हे उजाड वाटते त्याने सप्टेंबरात नन्नजला जाऊन यावे.

राहिला सांभाळण्याचा प्रश्न, आणि इथे संस्थेचा कस लागतो. व्होबानमध्ये किंवा मगरपट्ट्यात देखभालीचे पैसे रहिवाशांना परवडतात. विडीच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला महिना पाचशे रुपये मेंटेनन्स मागितला तर पहिले तीन महिने मिळेल, पुढे संस्थेची पाटी उरेल. पण संख्या मोठी असण्याचा फायदाही असतो. दहा इमारतींची मिळून तीनशे साठ घरे. घरामागे चाळीस रुपये धरले तर महिन्याला चौदा हजारांवर जमतात. त्यात वाफे, रोपे आणि गाळणी पाहणारे एक माणूस राहते, आणि ते वसाहतीतलेच असावे, कारण विडीचा धंदा वर्षानुवर्षे आकसतो आहे आणि काम शोधणारे हात तिथे आहेत. महापालिकेच्या उद्यान विभागावर हे सोपवू नये. गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीतच झाड, तळे आणि मोरीचे पाणी हे तीन विषय समितीसह घातले की निवडणुकीत त्यावर बोलावे लागते. मोर्चा काढून घर मिळवलेल्या बायकांना समिती चालवणे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्यांची सभा पाहिलेली नसते.

भांडणे होतील ती शेळ्यांवरून. झोपडपट्टीतून आलेल्या कुटुंबाबरोबर शेळी येतेच, ती त्यांची बँक आहे, आणि रोप हे तिचे आवडते खाद्य. शेळीला बंदी घालणारी हरित वसाहत मी तरी गरिबांची मानणार नाही. पहिली तीन वर्षे काटेरी कुंपण फक्त रोपांभोवती, आणि कडेचा गवताचा पट्टा चराईला आळीपाळीने खुला, असा तोडगा निघू शकतो. गवत चरले गेले नाही तर ते माजते, वाळते आणि उन्हाळ्यात पेट घेते, तेव्हा शेळीचीही गरज आहेच. दिवाळीनंतर गवत कापून विकायचे की धनगरांच्या मेंढरांना चार दिवस सोडायचे, हे सभेने दरवर्षी ठरवावे. तो विषय सभेपुढे यायचा तर आधी नकाशावर त्या पट्ट्यावर 'माळ' असे लिहिलेले हवे. आज तिथे 'भविष्यातील विकासासाठी राखीव' असे लिहायची पद्धत आहे.